तार वाढवू नका, दूर न्या

शॉर्टवेव्ह नीट लागत नाही म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: तार वाढवा. वऱ्हाडातल्या तेल्हाऱ्यासारख्या गावात असा सल्ला देणारी जुनी मंडळी अजून भेटतात. त्यांच्या काळी तो बरोबरही होता. केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री असलेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी आकाशवाणीवरच्या सिनेमाच्या गाण्यांना आळा घातला आणि देशभरचे श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे 1952 पासून बिनाका गीतमाला सुरू झाली होती. आकाशवाणीची विविध भारती यायला 3 ऑक्टोबर 1957 उजाडला. तेल्हाऱ्याहून कोलंबो सरळ रेषेत सुमारे सोळाशे किलोमीटर. एवढ्या लांबचं स्टेशन जुन्या व्हॉल्व्हच्या सेटवर स्पष्ट यावं म्हणून घरावर दोन बांबू उभे राहत आणि त्यांच्यामध्ये एरियलची तार ताणली जाई. तेव्हा गावात वीज मोजक्या घरांत होती. खरखर व्हायची ती आकाशातल्या विजेची, नाहीतर रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या मोटारीची.

आज त्याच घरात एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, वायफायचा डबा आणि टीव्ही आहे. या प्रत्येकाच्या पोटात सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारं एक छोटं सर्किट असतं आणि स्वस्तातल्या वस्तूंमध्ये त्याची घाण गाळायला काहीच नसतं. ती घाण घराच्या वायरिंगवर पसरते आणि वायरिंगच तिची एरियल बनते. तुमची तार छपरावरून, त्या वायरिंगच्या हातभर अंतरावरून गेली असेल तर ती कोलंबोच्या आधी शेजारच्या खोलीतला चार्जर ऐकते. अशा तारेची लांबी दुप्पट केली तर स्टेशन वाढतं आणि गोंगाटही तेवढाच वाढतो. पिठाच्या गिरणीत उभं राहून कानाला कर्णा लावावा, तसं ते होतं.

म्हणून खर्च करण्याआधी एक साधी परीक्षा घ्या. रात्री सेट बॅटरीवर लावा. जिथे कुठलंच स्टेशन नाही अशी मोकळी जागा डायलवर शोधा. मग एरियलचा प्लग काढा, पुन्हा घाला. घातल्यावर खरखर ठळक वाढत असेल, तर सेटच्या स्वतःच्या आतल्या आवाजावर एरियलने मात केलेली आहे. तिथून पुढे नुसती तार वाढवून काही पदरात पडत नाही. शॉर्टवेव्हवर हे फार लवकर घडतं, कारण या लहरींवर बाहेरचा गोंगाटच मुळात मोठा असतो. नव्या टेकसन किंवा तत्सम छोट्या सेटला पाच-सात मीटर तारसुद्धा बहुधा पुरते. प्रश्न उरतो तो त्या तारेवर काय उतरतं याचा.

दुसरी परीक्षा घराचा मेन स्विच बंद करून. सेट बॅटरीवरच ठेवा आणि ऐका. खरखर एकदम बसली तर चोर घरातच आहे. एकेक वस्तू सुरू करत गेलात की सापडतो. बसली नाही तर चोर बाहेर. लोडशेडिंगच्या वेळी रेडिओ छान लागतो हे अनेकांनी अनुभवलेलं असतं, कारण हेच. सगळा फीडर बंद झाला की गावच शांत होतं.

बाहेरच्या चोरांपैकी एक आपल्या भागाचा खास. सातपुड्याच्या पायथ्याच्या वावरांत रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला सौर झटका मशीन लावतात. साधारण सेकंदाला एक झटका, आणि रेडिओवर तेवढ्याच ठेक्यात टक्, टक्, टक्. मशीन धडधाकट असेल आणि कुंपण स्वच्छ असेल तर हा आवाज फार लांब जात नाही. गवत तारेला टेकलं, इन्सुलेटर फुटला किंवा जोड सैल झाला की तिथे ठिणगी पडते आणि ती ठिणगी मैदानभर ऐकू येते. शेजाऱ्याला हे सांगताना रेडिओचं नाव काढायचीही गरज नाही. गळतीमुळे झटका कमी बसतो आणि डुकरं आत शिरतात, एवढं सांगितलं तरी तो धुऱ्यावरचं गवत कापेल. सौरपंपाचा कंट्रोलरही गोंगाट करतो, पण तो ऊन असेपर्यंतच. रात्रीच्या श्रोत्याला त्याचा त्रास नाही. उन्हाळ्यात विजेच्या खांबावरून येणारी करकर पहिल्या पावसानंतर गायब झाली, तर खांबावरचा एखादा इन्सुलेटर किंवा सैल लोखंड संशयित समजा. कोरड्या हवेत त्या फटीत ठिणगी पडते, ओल आली की फट भरून निघते. ते काम महावितरणचं. आपण खांबाला हात लावायचा नाही.

आता मूळ काम. तार घरापासून तोडायची आणि परसाच्या किंवा खळ्याच्या टोकाला न्यायची. घरापासून पंधरा-वीस मीटर मिळाले तर उत्तम, दहा मिळाले तरी फरक पडतो. तिथून घरापर्यंत सिग्नल आणायचा तो उघड्या तारेने नाही, तर डिश टीव्हीच्या केबलने. तिचं नाव आरजी-6, केबलवाल्याकडे सहज मिळते. मधली तांब्याची तार सिग्नल आणते आणि भोवतीची जाळी बाहेरचं आत येऊ देत नाही. शॉर्टवेव्हच्या लहरींवर वीस मीटर केबलमध्ये होणारी घट अर्ध्या डेसिबलच्या आसपास असते. कानाला ती कळतही नाही. केबल जमिनीवरून नेण्यापेक्षा वीतभर खोल पाइपातून पुरून न्या. उंदीर आणि फावडं दोन्हींपासून ती वाचते, शिवाय जाळीच्या बाहेरून धावणारा गोंगाट मातीत जिरतो.

तारेचा आकार उलट्या एलसारखा ठेवावा: खालून चार-पाच मीटर सरळ वर, मग बारा मीटर आडवी. यामागे हिशेब आहे. शॉर्टवेव्ह आपल्यापर्यंत येते ती जमिनीवरून सरकत नाही, तर अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबराच्या थरावर आपटून. कोलंबोकडून एका उडीत येणारी लहर आपल्याकडे साधारण पंधरा-वीस अंशांच्या कोनात उतरते. साडेआठशे किलोमीटरवरच्या दिल्लीची तीस-पस्तीस अंशांत. जमिनीपासून फार उंच नसलेली आडवी तार माथ्यावरून येणारं चांगलं पकडते, उभा भाग क्षितिजाजवळचं पकडतो. दोन्ही एकत्र असले की जवळचं आणि लांबचं दोन्ही हाताला लागतं. टिनाच्या छपराला लागून मात्र आडवी तार नेऊ नका. पत्रा तिच्याखालची जमीन होऊन बसतो आणि तुमची पाच मीटर उंची कागदावरच राहते.

लांबीबद्दल वाद घालणारे बरेच असतात. लहरीची लांबी काढायचा हिशेब सोपा आहे: 300 ला मेगाहर्ट्झने भागा, मीटर मिळतात. रेडिओ सिलोनची हिंदी सेवा वर्षानुवर्षे 11905 किलोहर्ट्झवर लागायची; भागाकार करा, सव्वापंचवीस मीटरच्या जवळ येतो, म्हणून तो 25 मीटर बँड. 1942 च्या चळवळीत मुंबईतून उषा मेहतांनी चालवलेलं काँग्रेस रेडिओ 42.34 मीटरवर होतं, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या थोडं वर. ज्याला एकच स्टेशन ऐकायचं त्याने त्या लहरीच्या निम्मी तार मोजून कापावी. आपल्याला मात्र रात्री 49 आणि 41 मीटर, दुपारी 19 आणि 16 मीटर असं फिरायचं असतं. सूर्य असताना आयनांबराचा खालचा थर खालच्या लहरी शोषून घेतो, म्हणून ही पाळी ठरलेली. सोळा-सतरा मीटरची कुठलीही तार हे सगळं सांभाळते. इंचाइंचाचा हिशेब प्रक्षेपण करणाऱ्याला लागतो, ऐकणाऱ्याला नाही.

तार आणि केबल यांच्या जोडावर मात्र कंजूषी नको. केबल 75 ओहमची, आणि अशा तारेचा अवरोध काही लहरींवर कित्येक शे ओहम. मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो. फेराइटच्या कडीवर इनॅमलच्या बारीक तारेचे 15 वेढे घ्या, त्याच कडीवर वेगळ्या तारेचे 5 वेढे. पंधराचं एक टोक एरियलला, दुसरं अर्थिंग रॉडला. पाचाचं एक टोक केबलच्या मधल्या तारेला, दुसरं जाळीला. वेढ्यांचं प्रमाण तिनास एक, म्हणून अवरोधाचं नवास एक. महत्त्वाची गोष्ट अशी की दोन्ही वेढे एकमेकांना कुठेही जोडायचे नाहीत. तयार मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांत ते आतून जोडलेले असतात आणि मग घरातला गोंगाट केबलच्या जाळीवरून चालत येऊन थेट एरियलमध्ये उतरतो. सुटे ठेवले की त्याची वाट मोडते. कडी भंगारातल्या सीएफएल किंवा चार्जरच्या पट्टीतून काढता येते. कॉम्प्युटरच्या सप्लायमधली पिवळी-पांढरी कडी घेऊ नका; ती लोखंडाच्या भुकटीची असते आणि एवढ्या वेढ्यांत खालच्या बँडांवर कमी पडते. वेढे घालून झाले की सगळं प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून तोंडं सिलिकॉनने बुजवा. केबलमध्ये पाणी शिरलं की एका पावसाळ्यात जाळी खराब होते.

अर्थिंगच्या बाबतीत वऱ्हाड नशीबवान आहे, निदान या एका कामापुरतं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा शेतकऱ्याचा जीव काढतो. पाणी खारं, पिण्याला आणि ओलिताला दोन्हीला वाईट. पण खारी, ओली काळी माती वीज उत्तम वाहून नेते. कोकणातल्या जांभ्यावर दोन-दोन रॉड ठोकून जे मिळत नाही ते इथे दीड-दोन मीटरच्या एका रॉडने मिळतं. तालुक्याच्या दक्षिणेकडच्या गावांना हे जास्त लागू. उत्तरेला डोंगराकडे जाल तसं पाणी गोडं आणि माती मुरमाड होते. खाऱ्या मातीत साधा लोखंडी गज लवकर गंजतो, म्हणून तांब्याचा मुलामा असलेला अर्थिंग रॉड घ्या. आणि उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तेव्हा रॉडभोवतीची माती सुटते. मार्चपासून तिथे अधूनमधून बादलीभर पाणी ओतत राहा. हा रॉड घराच्या वीजजोडणीच्या अर्थिंगला जोडू नका. ज्याच्यापासून पळालो तोच गोंगाट परत येतो.

तारेसाठी मोटार रिवायंडिंगच्या दुकानातली इनॅमलची तार चालते, पण ती मऊ असते आणि ताणली की लांबत जाते. प्लॅस्टिकच्या आवरणाची एक चौरस मिलिमीटरची वायर जास्त टिकते. आवरणामुळे ऐकण्यात फरक पडत नाही. ताण देताना मोह आवरा. बारा मीटरच्या तांब्याच्या तारेला मधोमध पंचवीस सेंटिमीटर झोळ सोडलात, आणि मे महिन्यातल्या दुपारपासून जानेवारीच्या पहाटेपर्यंत तापमान चाळीस अंशांनी उतरलं, तर तार जेमतेम आठ मिलिमीटर आखडते. एवढ्याने झोळ मात्र सोळा सेंटिमीटरवर येतो आणि ताण दीडपट होतो. उन्हाळ्यात टणक बांधलेली तार हिवाळ्यात तुटते ती अशी. एक टोक कडुनिंबाला बांधणार असाल तर तिथे कप्पी लावा आणि दोरीच्या टोकाला वीट लटकवा. झाड वावटळीत डोललं तरी वीट वर-खाली होईल, तार शाबूत राहील.

काम झाल्यावर पडताळा घ्यायला चीनचं बीपीएम हे वेळेचं स्टेशन चांगलं. 5, 10 आणि 15 मेगाहर्ट्झवर सेकंदासेकंदाला टिकटिक देतं, गाणं-बोलणं जवळजवळ नसल्यामुळे कान फसत नाही. जुनी तार आणि नवी तार अदलाबदल करून ऐका, आणि सिग्नलचा काटा बघू नका. नव्या तारेवर काटा खाली आलेला दिसेल आणि तरी टिकटिक जास्त स्वच्छ ऐकू येईल. तेच यश. बीबीसीची हिंदी सेवा जानेवारी 2020 अखेरीस शॉर्टवेव्हवरून गेली, बरीच ओळखीची स्टेशनं गेली; पण चायना रेडिओ इंटरनॅशनलची हिंदी आणि बीबीसीची इंग्रजी सेवा अजून आहे. जे उरलंय ते गोंगाटाखाली गाडलं जाऊ नये एवढं आपल्या हातात आहे. छोट्या सेटवर एकाच वेळी दोन-तीन स्टेशनं एकमेकांत मिसळायला लागली तर समजा की सिग्नल जास्त झाला. सेटवरचं डीएक्सचं बटण लोकलवर न्या.

एरियल विजेच्या तारांच्या वरून किंवा खालून कधीही नेऊ नका, दोन्हींपैकी एक तुटली तर दुसरीवर पडेल अशा अंतरातसुद्धा नको. आणि मे अखेरच्या वळिवापासून ऑक्टोबरच्या परतीच्या पावसापर्यंत ऐकून झालं की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर ठेवा, रोज. गडगडाट सुरू झाल्यावर ती काढायला उठू नका. तेव्हा तिला हात लावणं हाच धोका असतो.