कर्जरोखे : आजची इमारत, उद्याची फेड

सार्वजनिक कामासाठी कर्ज काढणे यात मुळात गैर काही नाही. शाळेची इमारत किंवा पाणीपुरवठ्याची योजना अनेक वर्षे उपयोगी पडते. तिचा लाभ पुढील पिढीलाही मिळत असल्याने खर्चाचा काही वाटा त्या पिढीने उचलणे न्याय्यच ठरते. मात्र कर्ज काढणारे एक आणि फेडणारे दुसरे अशी स्थिती असल्यामुळे या व्यवहारात विशेष दक्षता आवश्यक असते.

कर्जरोखा म्हणजे काय?

बँकेकडून कर्ज घेण्याऐवजी एखादी संस्था अनेक लोकांकडून थोडीथोडी रक्कम घेते आणि त्याबद्दल प्रत्येकास लेखी वचनपत्र देते. ठरावीक दराने व्याज आणि ठरावीक मुदतीनंतर मुद्दल परत करण्याचे हे वचन म्हणजेच कर्जरोखा. ते पाळण्यासाठी पैसा अखेर येतो तो नागरिकांच्या करांतून व पट्ट्यांतून. म्हणून रोखा विकत घेणाऱ्याइतकाच कर भरणाऱ्याचाही या व्यवहाराशी संबंध असतो.

देवासचा अनुभव

उत्पन्नाचा मेळ न घालता केलेल्या खर्चाचा परिणाम माळव्याने पाहिलेला आहे. धार व देवास येथे पवार घराण्याची राज्ये होती. देवासची थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये झाली होती. थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांच्या कारकिर्दीत राज्याची आर्थिक घडी विसकटत गेली. १९२१ साली त्यांचे खाजगी चिटणीस म्हणून काम केलेले इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात तेथील अर्धवट राहिलेल्या नव्या राजवाड्याचे व विस्कळीत कारभाराचे वर्णन केले आहे. ब्रिटिश सरकारने आर्थिक कारभारात हस्तक्षेपाचा आग्रह धरल्यावर १९३३ च्या अखेरीस महाराज फ्रेंच अमलाखालील पाँडेचेरीस गेले. १९३७ साली तेथेच त्यांचे निधन झाले.

शाळांवरील कर्जाचा डोंगर

असे प्रसंग केवळ राजेशाहीतच येतात असे नाही. अमेरिकेत सार्वजनिक शाळा चालविणारी शालेय मंडळे ही स्वतंत्र स्थानिक संस्था असून स्थावर मालमत्तेवरील कराच्या आधारे ती स्वत: कर्जरोखे विकू शकतात. कॅलिफोर्निया राज्यातील सॅन दिएगो शहराजवळच्या पोवे येथील शालेय मंडळाने २०११ साली शाळांच्या इमारतींसाठी सुमारे १०.५ कोटी डॉलर उभे केले. कराचा दर वाढणार नाही असे मतदारांना सांगितलेले असल्यामुळे पहिली सुमारे वीस वर्षे काहीच फेडायचे नाही, असे ठरविण्यात आले. फेड २०३३ पासून २०५१ पर्यंत करावयाची असून ती एकूण सुमारे ९८ कोटी डॉलर, म्हणजे मूळ रकमेच्या नऊपटींहून अधिक भरते. मुदतीपूर्वी कर्ज फेडून मोकळे होण्याची सोयही ठेवलेली नव्हती. या प्रकरणावर मोठी टीका झाल्यानंतर कॅलिफोर्नियाने २०१३ साली कायदा केला. अशा रोख्यांची मुदत २५ वर्षांपेक्षा अधिक असू नये आणि एकूण फेड मुद्दलाच्या चौपटीहून अधिक नसावी, अशी मर्यादा त्याने घातली.

रक्कम इतकी का वाढते?

द. सा. द. शे. ८ दराने एक लाख रुपये घेऊन काहीच फेडले नाही, तर चक्रवाढीने नऊ वर्षांत ते सुमारे दोन लाख होतात, अठरा वर्षांत चार लाख, सत्तावीस वर्षांत आठ लाख आणि छत्तीस वर्षांत सोळा लाख. तेच कर्ज वीस वर्षे समान वार्षिक हप्त्यांनी फेडल्यास दरवर्षी सुमारे १०,१८५ रुपये द्यावे लागतात आणि एकूण फेड सुमारे दोन लाख चार हजारांवर थांबते. दर दोन्हीकडे एकच आहे. फरक पडतो तो फेड लांबणीवर टाकल्यामुळे. 'आज काही द्यावयाचे नाही' ही सवलत दिसण्यास गोड असली तरी तीच सर्वांत महाग पडते.

शेजारचे उदाहरण

आपल्याकडील शासकीय व जिल्हा परिषद शाळा मुख्यत: शासनाच्या निधीवर चालतात, त्या स्वत: रोखे विकत नाहीत. नगरसंस्था मात्र विकू शकतात. धार व देवास यांच्या शेजारच्या इंदूर महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे रोखे द. सा. द. शे. ८.२५ दराने विकले. खरगोन जिल्ह्यातील जलूद येथे ६० मेगावॅटचा सौर वीजप्रकल्प उभारणे, हा त्यांचा हेतू होता. नर्मदेचे पाणी इंदूरला चढविण्यास लागणाऱ्या विजेच्या खर्चात बचत व्हावी, ही त्यामागील योजना. व्याज सहामाही असून मुद्दलाचे चार समान भाग तीन, पाच, सात व नऊ वर्षांनी परत करावयाचे आहेत. येथेही जोखीम आहेच, कारण अपेक्षित बचत झाली नाही तरी फेड चुकत नाही. परंतु ती लवकर सुरू होते आणि कर्ज नऊ वर्षांत संपते. भारतीय प्रतिभूति व विनिमय मंडळाने, म्हणजेच सेबीने, २०१५ साली केलेल्या नियमांनुसार सार्वजनिक विक्रीच्या रोख्यांचे पतमापन करून घेणे व संस्थेची आर्थिक माहिती प्रकट करणे आवश्यक आहे.

नागरिकांनी काय विचारावे?

उद्या आपल्या नगरपालिकेपुढे असा प्रस्ताव आला, तर सदस्य, अधिकारी, शिक्षक व नागरिक यांनी पाच गोष्टी विचाराव्यात : एकूण किती रक्कम फेडावी लागेल? फेड कोणत्या वर्षी सुरू होईल? ती कोणत्या निश्चित उत्पन्नातून होईल? मुदतीपूर्वी कर्ज फेडता येईल काय? आणि ज्या वस्तूसाठी कर्ज काढले ती कर्ज फिटेपर्यंत टिकेल काय? चक्रवाढ व्याजाचे गणित शाळेत शिकविले जातेच. शिक्षकांनी त्यासाठी अशा एखाद्या प्रस्तावाचे आकडे फळ्यावर मांडले, तर पुढे हे कर्ज फेडणाऱ्या मुलांना आपल्यावरील भार वेळीच समजेल.