पिवळी डबी, पांढरी डबी

परवा आमटीच्या फोडणीत मोहरी तडतडली आणि ऐन वेळी हिंगाची डबी सापडेना. दोन्ही फळ्या पालथ्या घातल्या. शेवटी बायको आली आणि डोळ्यांसमोरचीच डबी हातात ठेवून गेली. डबी नवी होती, पांढरी. मी पिवळी शोधत होतो.

शोधायच्या वस्तूचं चित्र मेंदू खरोखरच धरून ठेवतो. १९९३ मध्ये रॉबर्ट डेसिमोन आणि सहकाऱ्यांनी माकडांना आधी एक चित्र दाखवलं, मग पडदा कोरा ठेवला आणि नंतर चित्रांमधून तेच शोधायला लावलं. समोर काहीही नसताना त्या चित्राला दाद देणाऱ्या मेंदूपेशी जाग्या राहत होत्या.

पण हे चित्र म्हणजे हुबेहूब फोटो नव्हे. २००७ मध्ये विद्या नवलपक्कम आणि लॉरेंट इट्टी यांनी माणसांना ५० अंशांनी कललेल्या रेघांच्या गर्दीत ५५ अंशांची रेघ शोधायला सांगितली. मधूनच काही रेघा क्षणभर दाखवून विचारलं, यातली तुमची कोणती? लोकांनी ५५पेक्षा ६०चीच रेघ जास्त वेळा निवडली!

वरवर हा वेंधळेपणा वाटेल. हिशेब मात्र पक्का आहे. ५५ अंशांवर सर्वांत जोरात पेटणारी पेशी ५०लाही जवळजवळ तेवढीच पेटते. तिच्या भरवशावर राहिलं तर गर्दी आणि सावज सारखंच दिसणार. ६०वाली पेशी ५५ला बऱ्यापैकी पेटते, ५०ला मात्र बरीच कमी. म्हणून मेंदू तिचाच आवाज वाढवतो. वस्तू कशी आहे यापेक्षा ती शेजाऱ्यांहून कुठे वेगळी आहे, हे त्याला कामाचं. झेंडूच्या पिवळ्या ढिगात नारिंगी फूल हवं असेल, तर मनात जरा लालसरच फूल धरावं.

तीच वस्तू पुन्हा पुन्हा शोधली तर? जेफ्री वुडमन यांच्या गटाने २०११ मध्ये डोक्यावरच्या विद्युत-नोंदींतून दाखवलं, की काही फेऱ्यांतच तात्पुरत्या स्मृतीची खूण ओसरते आणि दीर्घकालीन स्मृती काम हाती घेते. लक्ष्य बदललं, की खूण परत उमटते.

माझं लक्ष्य बदलल्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. यावर बायकोचं म्हणणं, हिंग डोळ्यांनी शोधायचाच कशाला?