चित्रपट भाड्याने कसे मिळू लागले ?

चित्रपटगृहात आपण खेळ पाहतो. परंतु तो तेथवर येतो कसा, याचा विचार क्वचितच करतो. अमेरिकेत आरंभी चित्रफिती फुटांच्या हिशेबाने विकल्या जात. गावातील सर्वांनी एक फीत पाहिली की मालकाने तिचे काय करावे ? नवी घ्यावी तर पैसा नाही, जुनीच दाखवावी तर प्रेक्षक नाहीत !

या पेचातून भाड्याची युक्ती निघाली. १९०३ च्या सुमारास फिती विकत घेऊन भाड्याने देणाऱ्या पेढ्या सुरू झाल्या. एकच फीत अनेक गावी फिरू लागली. १९०५ पासून पाच सेंट तिकिटाची छोटी चित्रपटगृहे झपाट्याने वाढली. हजार फुटांचे रीळ सुमारे पंधरा मिनिटे चाले. चतुर मालक एक विनोदी, एक गंभीर असे चित्रपट निवडून कार्यक्रम जुळवीत व तो वारंवार बदलीत. कोऱ्या फितीचे भाडे अधिक असे. जुनी स्वस्त मिळे, पण तिच्यावरील ओरखड्यांमुळे पडद्यावर जणू पाऊसच पडे!

१९०६ मध्ये शिकागोत कार्ल लेम्ली यांनी चित्रपटगृह काढले आणि लवकरच भाड्याची पेढीही काढली. पुढे १९०८ मध्ये बड्या कंपन्यांनी एकजूट केली व प्रत्येक चित्रपटगृहाकडून यंत्रासाठी आठवड्याला दोन डॉलर मागितले. लेम्लींनी १९०९ मध्ये ते जोखड झुगारले आणि स्वतःच चित्रपट काढले. १९१५ मध्ये न्यायालयाने ती एकजूट बेकायदा ठरविली. आपल्या प्रेक्षकांस काय दाखवावे, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य असे झगडून मिळाले.