महिन्याची दोन तारीख, देवास

मुंबईत पंक रॉक प्रत्यक्ष कुठे ऐकायला मिळेल, असं कुणी विचारलं की उत्तरादाखल जागांची नावं येतात आणि त्यांतली बरीचशी बंद पडलेल्या जागांची असतात. धोबी तलावाचं रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं आणि 1986 साली तिथे सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव बेघर झाला. लोअर परळच्या गिरणीच्या आवारातलं ‘ब्लू फ्रॉग’ 2007 साली उघडलं आणि 2016 साली मिटलं. ज्या जागेला पंकचं माहेर म्हणतात ते न्यूयॉर्कचं ‘सीबीजीबी’सुद्धा 2006 साली भाड्याच्या वादातून बंद झालं. गंमत म्हणजे ते 1973 साली निघालं होतं कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या गाण्यांसाठी. नावातली अक्षरंही तेच सांगतात. पंक तिथे आलं ते मालकाच्या एका अटीमुळे: वाजवायचं तर स्वतःचं वाजवा, दुसऱ्याची गाजलेली गाणी नकोत. तेव्हा शोध घ्यायचा तो इमारतीचा नव्हे. बाजाराला न जुमानणारं गाणं टिकतं ते ठरलेल्या तारखेवर आणि कुणी गायचं याच्या नियमावर. याचा चांगला पुरावा मोठ्या शहरात नाही, माळव्यातल्या देवासला आहे.

मराठी माणसाला देवास म्हटलं की टेकडीच्या पायथ्याचं कुमार गंधर्वांचं घर, ‘भानुकुल’ आठवतं, आणि ते बरोबरच आहे. जानेवारी 1948 मध्ये क्षयाने खंगलेले कुमार देवासला आले, काही वर्षं गाणं बंद ठेवून पडून राहिले आणि त्या पडून राहण्यात त्यांनी माळव्याची लोकधून आणि नाथपंथी जोग्यांचं निर्गुण कानांत साठवलं. त्याच वर्षी धार आणि देवासची पवारांची संस्थानं मध्य भारतात विलीन झाली. देवासला तर दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात. रजब अली खाँ (1874–1959) यांच्यासारखा गवई ज्या गावचा, त्या गावात गाणं ऐकायची मुख्य जागा होती दरबार, आणि दरबारात जायचं तर बोलावणं लागे. दरबार गेला, मैफल घराच्या दिवाणखान्यात आली, तरी कानावर संस्कार झालेल्यांनीच यावं ही अट बरीचशी राहिली. याच गावाच्या भोवती, धारपासून शाजापूरपर्यंतच्या खेड्यांत, तेच निर्गुण रात्र रात्र गाणाऱ्या भजनमंडळ्या होत्या. त्यांतले बरेचसे गायक दलित, शेतमजूर किंवा लहान शेतकरी. त्यांच्या गाण्याची बातमी दिवाणखान्यापर्यंत पोचली ती बहुधा कुमारांच्या गळ्यातून.

1982 साली स्थापन झालेली ‘एकलव्य’ ही संस्था शाळेतल्या विज्ञानशिक्षणासाठी ओळखली जाते. तिच्या देवासच्या कार्यालयात 1991 ते 1998 या काळात ‘कबीर भजन एवं विचार मंच’ भरत असे, दर महिन्याच्या दोन तारखेला, रात्री. गावोगावच्या मंडळ्या तंबोरा, ढोलक, मंजिरा घेऊन यायच्या. हा तंबोरा शास्त्रीय बैठकीतला नव्हे. तो पाच तारांचा. सूर धरतो आणि ठेकाही देतो. गाणारा एका हाताने तार छेडतो आणि दुसऱ्या हातात करताल वाजवतो, म्हणजे साथीला कुणी नसलं तरी त्याचं गाणं अडत नाही. मंडळीत व्हायोलिनही दिसतं, आणि ते तिथे परकं वाटत नाही. भजन झालं की अर्थाची चर्चा: गुरू कशाला हवा, जात कुठून आली, कर्मकांडाचं काय करायचं. बाहेर अयोध्येवरून देश तापलेला असताना हे प्रश्न नुसते आध्यात्मिक राहत नव्हते.

यावर पहिला आक्षेप असा की निर्गुणी भजन कुठे आणि पंक कुठे. एकात भक्ती, दुसऱ्यात आदळआपट. आवाजाच्या बाबतीत आक्षेप मान्य. पण जागेच्या बाबतीत नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी 31 डिसेंबर 1986 रोजी गिलमन स्ट्रीटवर एक पंक क्लब निघाला. तो स्वयंसेवक चालवतात, दारू मिळत नाही, वंशद्वेषाला थारा नाही, निर्णय सभासदांच्या बैठकीत होतात. मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला तिथे मनाई होती, म्हणून तिथेच वाढलेल्या ‘ग्रीन डे’ला नाव झाल्यावर तिथलं दार बंद झालं, ते पुन्हा तिथे वाजवू शकले 2015 साली. आता देवासकडे पाहा. मंचावर येणारे शिक्षक-गायक प्रल्हादसिंह टिपानिया यांनी पुढे कबीरपंथाचं महंतपद घेतलं, तेव्हा मंचातल्या जुन्या सोबत्यांनीच त्यांना जाब विचारला. शबनम विरमानींच्या 2008 मधल्या माहितीपटात तो वाद सविस्तर आहे. नियम मोडणाऱ्याशी भांडायला माणसं उरलेली असणं, ही जागा जिवंत असल्याची खूण मला भरगच्च सभागृहापेक्षा खात्रीची वाटते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. मंच तरी कुठे टिकला? आठेक वर्षांत तोही थांबला, मग रंगभवनाहून तो वेगळा कसा? फरक मागे काय उरलं यात आहे. सभागृह गेलं की बँड दुसरं सभागृह शोधत फिरतो, भाड्याची जुळवाजुळव करतो. मंच थांबला तेव्हा मंडळ्या आपापल्या गावी होत्याच. त्या आधीही होत्या. मंचाने त्यांना एकमेकींची ओळख आणि प्रश्न विचारायची सवय दिली, आणि ही शिदोरी सोबत नेता येते. लिंडा हेस या अमेरिकी अभ्यासिकेने 2015 साली या गाणाऱ्यांवर आख्खा ग्रंथ लिहिला. टिपानियांना 2011 साली पद्मश्री मिळाली, देवासच्या कालूराम बामनियांना 2024 साली. पुरस्कारांनी गाणं सुधारतं असं नाही. पण ज्यांना दरबाराने कधी बोलावलं नसतं त्यांना दिल्लीने बोलावलं, एवढं खरं. मोठ्या शहरातल्या पंकवाल्यांना हे जमणार नाही असंही नाही. जागा महाग आहे, तारीख फुकट आहे.

माळव्यात गेलात तर सभागृहाचा कार्यक्रम विचारू नका. आज मंडळी कुणाच्या ओट्यावर बसते आहे, ते विचारा. तिकीट नसतं. सुरुवात शेतातली कामं आटोपल्यावर होते आणि शेवट पहाटेकडे, म्हणून जेवून जावं.