गुन्हेगाराचे नाव आणि आपले नाव

कुणी गर्दीवर गाडी घातली, कुणी चाकू चालवला अशी बातमी टीव्हीवर झळकते. आपल्या घराघरांत तेव्हा एक गोष्ट घडते, पण ती कुणी बोलून दाखवत नाही. मेलेल्यांसाठी जीव हळहळतो आणि त्याच क्षणी मनात दुसरी दुआ येते, ‘या अल्लाह, करणारा आपल्यातला नसू दे!’ थोड्या वेळाने नाव जाहीर होते. ते आपल्या वळणाचे नसले की हायसे वाटते. असले तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात, कॉलेजात, लोकलच्या डब्यात उगाचच मान खाली जाते.

अशी दुआ मनात येणे साहजिक आहे. पण तिच्यात एक गोष्ट आपण नकळत कबूल करून बसतो. गुन्हेगाराचे नाव आपल्यासारखे असेल तर गुन्ह्यातही आपला काही वाटा आहे, असे आपणच मान्य करतो. ही कबुली किती महाग पडते, हे गेल्या काही वर्षांत युरोपात दिसले आहे. तिकडे ‘बाहेरून आलेले लोक आणि वाढते गुन्हे’ यावर सतत वाद चालू आहे. रत्नागिरी-रायगडपासून मुंबई-पुण्यापर्यंत आपल्यापैकी अनेकांची मुले, भाऊ, नातेवाईक त्या देशांत नोकरी-शिक्षणासाठी राहतात. म्हणून हा वाद आपल्यालाही परका नाही.

साऊथपोर्टमध्ये काय घडले?

29 जुलै 2024, सोमवार. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचे साऊथपोर्ट हे छोटे शहर. शाळांना उन्हाळी सुट्टी लागली होती आणि लहान मुलींसाठी नृत्याचे शिबिर भरले होते. एक 17 वर्षांचा मुलगा चाकू घेऊन आत शिरला. सहा, सात आणि नऊ वर्षांच्या तीन मुलींचा जीव गेला. आणखी आठ मुले आणि त्यांना वाचवू पाहणारी दोन मोठी माणसे जखमी झाली.

गुन्हा दाखल होण्याआधी संशयिताचे नाव जाहीर न करण्याची तिथल्या पोलिसांची पद्धत आहे. त्यात हा संशयित अल्पवयीन होता. नाव कळले नाही, तेव्हा लोकांनी ते बनवले. काही तासांतच अरबी वळणाचे एक नाव मोबाइलवर फिरू लागले. सोबत कहाणीही तयार होती : हा आश्रय मागायला आलेला मुसलमान आहे, गेल्याच वर्षी होडीतून समुद्र ओलांडून आला. पोलिसांनी सांगितले की हे नाव खोटे आहे आणि संशयिताचा जन्म ब्रिटनमध्येच, कार्डिफ शहरात झाला आहे. ऐकायला कुणी तयार नव्हते.

30 जुलैच्या संध्याकाळी शहरातले लोक त्या मुलींसाठी मेणबत्त्या आणि फुले घेऊन जमले. त्याच संध्याकाळी दुसरा जमाव तिथल्या मशिदीसमोर जमला. विटा फेकल्या गेल्या, पोलिसांची गाडी जाळली गेली, पन्नासहून अधिक पोलिस जखमी झाले. आपली लेक गमावून एकच दिवस झालेल्या एका आईला त्या रात्री समाजमाध्यमावर हात जोडून सांगावे लागले की कृपा करून ही हिंसा थांबवा.

1 ऑगस्टला लिव्हरपूलच्या न्यायाधीशांनी आरोपीचे नाव जाहीर करण्याची परवानगी दिली. तो रवांडाहून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबातला, ब्रिटनमध्ये जन्मलेला मुलगा निघाला. इस्लामशी त्याचा संबंध नव्हता आणि होडीशीही नव्हता. आता तरी आग विझायला हवी होती. पण संडरलँड पेटले ते 2 ऑगस्टला. लिव्हरपूलमध्ये वाचनालय जाळले गेले ते 3 ऑगस्टला. रॉदरहॅमजवळ आश्रितांना ठेवलेल्या हॉटेलला जमावाने वेढा घालून आग लावली ती 4 ऑगस्टला, आणि तेव्हा आत दोनशेहून जास्त माणसे होती. संडरलँडमध्ये कामावर निघालेल्या फिलिपिनो परिचारिकांच्या टॅक्सीवर दगड पडले. सत्य बाहेर आले होते, पण ते कुणाला नकोच होते.

‘तो मुसलमान नव्हता’ हे उत्तर पुरेसे नाही

त्या दिवसांत आपल्याकडच्या ग्रुपवर एक वाक्य पुन्हा पुन्हा फिरत होते, ‘पाहा, तो मुसलमान नव्हता!’ वाक्य खरे होते, पण ते आपल्याला फार दूर नेत नाही. समजा तो मुसलमान असता, खरोखरच होडीतून आलेला असता. मग साऊथपोर्टच्या मशिदीवर विटा फेकणे बरोबर ठरले असते का? आत अडकलेल्या इमामसाहेबांनी त्या मुलींचे काय बिघडवले होते? ज्याचा बचाव फक्त गुन्हेगाराच्या नावावर टेकलेला असतो, त्याच्याजवळ पुढच्या वेळी बोलायला काहीच उरत नाही.

आणि पुढची वेळ फार लांब नव्हती. 23 ऑगस्ट 2024 रोजी जर्मनीतल्या झोलिंगेन शहराच्या वर्धापन उत्सवात एका माणसाने चाकूने तिघांचा जीव घेतला. या वेळी हल्लेखोर सीरियाहून आलेला आश्रित होता, मुसलमान होता, आणि ‘इस्लामिक स्टेट’ने हल्ल्याची जबाबदारी घेतली. युरोपच्या नियमानुसार त्याला 2023 मध्येच बल्गेरियाला परत पाठवायचे होते. अधिकारी न्यायला गेले तेव्हा तो सापडला नाही आणि प्रकरण तसेच राहिले. इथे ‘तो आपला नव्हता’ म्हणायची सोय नव्हती. इथे एकच उत्तर चालते : गुन्हा ज्याचा, शिक्षा त्याला. कुणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहणार नाही, ही कुरआनची शिकवण आहे. ही शिकवण मुसलमान निर्दोष असेल तेव्हाही लागू आहे आणि मुसलमान दोषी असेल तेव्हाही. आपल्याला ती दोन्ही वेळा सारख्याच आवाजात सांगता आली पाहिजे.

झाकून ठेवल्याने कुणाचे भले झाले?

न्यायाची दुसरी बाजू आपल्याला जास्त जड जाते. ज्या रॉदरहॅममध्ये 2024 साली हॉटेल पेटवले गेले, त्याच रॉदरहॅमविषयी दहा वर्षांपूर्वी, ऑगस्ट 2014 मध्ये एक चौकशी अहवाल आला होता. 1997 ते 2013 या काळात तिथे सुमारे 1400 मुलामुलींचे लैंगिक शोषण झाल्याचा अंदाज त्यात होता. ज्यांची नावे समोर आली, त्यांत बहुतेक पाकिस्तानी वंशाचे पुरुष होते. पोलिसांनी गरीब घरच्या त्या मुलींना तुच्छ लेखले. आपल्याला वंशद्वेष्टे म्हणतील या भीतीने काही अधिकारी गप्प बसले. पाकिस्तानी कुटुंबांतल्या मुलीही या अत्याचारातून सुटल्या नव्हत्या, पण इज्जतीच्या धाकाने त्या पुढे येत नसत, हेही त्याच अहवालात नोंदले आहे.

रॉचडेलमध्ये असेच एक प्रकरण सरकारी वकिलांनी आधी गुंडाळून ठेवले होते. 2011 मध्ये नाझिर अफझल त्या भागाचे मुख्य सरकारी वकील झाले. बर्मिंगहॅममध्ये पाकिस्तानी आईबापांच्या पोटी जन्मलेला हा मुसलमान वकील. त्यांनी तो निर्णय फिरवून खटला चालवायला लावला आणि मे 2012 मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली. आपल्याच समाजातल्या पुरुषांवर खटला भरल्याने समाजाची बदनामी होते, असे त्यांना वाटले नाही. खरी बदनामी गप्प बसण्यात होती. गप्प बसणाऱ्यांनी त्या मुलींवर अन्याय केलाच, शिवाय उद्याच्या दंगलखोरांच्या हातात कोलीतही दिले. साक्ष स्वतःच्या, आईबापांच्या, नातलगांच्या विरोधात जात असली तरी न्यायावर ठाम राहा, हा हुकूम सूरह निसामध्ये आहे. नाझिर अफझल यांचे काम त्या हुकुमाला धरून होते.

आकडे काय सांगतात?

‘बाहेरचे लोक गुन्हे करतात’ म्हणणारे आकडे पुढे करतात, आणि ते आकडे खोटे नसतात. जर्मन पोलिसांच्या 2023 च्या नोंदीत, व्हिसा-परवान्याचे गुन्हे वगळले तरी, संशयितांपैकी सुमारे 34 टक्के परदेशी नागरिक होते. लोकसंख्येत त्यांचा वाटा साधारण 15 टक्के आहे. हा फरक नाकारून चालणार नाही. पण तो समजून घ्यावा लागेल. गुन्ह्यांत सगळ्या देशांत, सगळ्या धर्मांत तरुण पुरुषांचे प्रमाण जास्त असते, आणि स्थलांतर करणाऱ्यांत तरुण पुरुषच जास्त असतात. या आकड्यांत पर्यटक आणि सीमेपलीकडून येऊन चोरी करणाऱ्या टोळ्याही मोजल्या जातात. गरिबी, युद्धात करपलेली मने, कुटुंबाचा धाक आणि माया दोन्ही नसणे, हेही त्यात आले.

ब्रिटनमध्ये 2024 च्या मध्याला सुमारे 30 हजार आश्रित हॉटेलांत राहत होते. अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्यांना बहुधा कामाची परवानगी नसते. महिनोन्‌महिने रिकाम्या हातांनी एका खोलीत बसलेला तरुण आणि त्याच रस्त्यावर घरासाठी वर्षानुवर्षे रांगेत असलेला गोरा कामगार समोरासमोर येतात. दोघांचाही राग सरकारच्या कारभारावर असायला हवा, पण दोघेही एकमेकांकडे डोळे वटारून बघतात. आपल्या शहरात किती लोक यावेत, कुठे राहावेत, यावर बोलण्याचा तिथल्या माणसाला पूर्ण हक्क आहे. असे बोलणारा प्रत्येक जण आपला शत्रू नसतो. हॉटेलला काडी लावणारा मात्र गुन्हेगारच. ब्रिटनने हा फरक न्यायालयात दाखवला. हजाराहून जास्त लोकांना अटक झाली. रॉदरहॅमच्या हॉटेलवरील हल्ल्यात एकाला नऊ वर्षांचा तुरुंगवास झाला. हॉटेले पेटवा अशा अर्थाचा मजकूर लिहिणाऱ्या एका महिलेला 31 महिन्यांची शिक्षा झाली. आणि त्या तीन मुलींच्या खुन्याला जानेवारी 2025 मध्ये जन्मठेप झाली, त्यात किमान 52 वर्षे सुटका नाही. त्याला दहशतवादविरोधी ‘प्रिव्हेंट’ योजनेकडे तीन वेळा पाठवले गेले होते, तरी तो निसटला. तीन मुलींचा जीव वाचू शकला असता तो तिथे. तो प्रश्न जमावाने एकदाही विचारला नाही.

मशिदीचा दरवाजा

साऊथपोर्टच्या मशिदीची पडलेली भिंत दुसऱ्याच दिवशी सकाळी उभी राहू लागली. गावातले गवंडी आणि साधे नागरिक आपणहून आले होते. बहुतेकांचा इस्लामशी काहीही संबंध नव्हता. मुली आमच्या गेल्या आणि भिंतही आमच्याच गावाची पडली, एवढे त्यांना कळत होते.

2 ऑगस्टला लिव्हरपूलमध्ये अब्दुल्ला क्विलियम मशिदीसमोर निदर्शक जमले. ही एकोणिसाव्या शतकात इंग्रज वकील अब्दुल्ला क्विलियम यांनी सुरू केलेली, इंग्लंडमधली सर्वांत जुन्यांपैकी एक मशीद. इमाम ॲडम केलविक बाहेर आले, रस्ता ओलांडून निदर्शकांकडे गेले आणि त्यांना खायला दिले. काहींशी बोलणे झाले, एक-दोघांनी मिठीही मारली. सगळे काही बदलले नाही. पण ज्यांनी मुसलमान फक्त मोबाइलवर पाहिला होता, त्यांनी त्या रात्री तो समोर पाहिला. सरकारी कागदांत ज्याला ‘समरस होणे’ म्हणतात त्याची सुरुवात अशीच होते, आणि ती दोन्ही बाजूंनी व्हावी लागते.

झोलिंगेनची आई

ज्या झोलिंगेनमध्ये 2024 चा हल्ला झाला, त्याच शहरात 29 मे 1993 च्या रात्री चार जर्मन तरुणांनी एका तुर्की मुस्लिम कुटुंबाचे घर पेटवले होते. मेव्हलुदे गेंच यांच्या दोन मुली, दोन नाती आणि एक भाची त्यात गेल्या. सर्वांत लहान चार वर्षांची होती. या माउलीने साऱ्या जर्मनांना दोषी धरले असते तर कुणी तिला बोल लावला नसता. तिने तसे केले नाही. ती त्याच शहरात राहिली, पुढे जर्मन नागरिक झाली आणि 2022 मध्ये डोळे मिटेपर्यंत सलोख्याचेच बोलत राहिली. चौघांचा गुन्हा तिने आठ कोटी लोकांच्या माथी मारला नाही. आपण जगाकडे जो न्याय मागतो, तो तिने सर्वस्व जळाल्यावर दिला.

आपल्या घरात

हा प्रश्न आता महाराष्ट्राच्याही दारात आहे. जानेवारी 2025 मध्ये वांद्र्यात अभिनेते सैफ अली खान यांच्यावर घरात घुसून चाकूहल्ला झाला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार पकडलेला आरोपी बांगलादेशी आहे. पण त्याआधी मुंबईतल्या एका तरुणाला संशयावरून छत्तीसगडमध्ये रेल्वेतून उतरवले होते. त्याचा फोटो देशभर झळकला. तो निर्दोष सुटला, तोवर नोकरी गेली होती आणि ठरलेले लग्नही मोडले होते. पुढे बांगला बोलणाऱ्या मजुरांकडे संशयाने पाहणे वाढले. त्यात आपलेही लोक मागे नाहीत. वस्तीत नवा मजूर आला की ‘हे बाहेरचे, यांचा भरवसा नाही’ असे आपणही बोलून जातो. जे वाक्य साऊथपोर्टमध्ये आपल्याला बोचते, ते आपल्याच गल्लीत आपल्या तोंडी शोभत नाही.

2018 च्या जुलैमध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. तिथे ना धर्माचा वाद होता, ना देशाचा. परक्याची भीती आणि हातातला मोबाइल एवढेच पुरले. बातमी आली की आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणाचे नुकसान करून बसाल आणि मग पस्तावाल, असे सूरह हुजुरात सांगते. जुम्म्याच्या खुतब्यात ते आपण ऐकतो. रात्री ग्रुपवर आलेला व्हिडिओ पुढे ढकलताना तेच आठवले पाहिजे.

मुले विचारतात, ‘अब्बा, ते लोक आपल्याबद्दल असे का बोलतात?’ त्यांना खोटा धीर देऊ नका आणि द्वेषही देऊ नका. सांगा, की ज्याने केले त्याला शिक्षा झाली पाहिजे, तो आपला असला तरी. आणि ज्याने केले नाही त्याला कुणी हात लावता कामा नये, तो परका असला तरी. पुढच्या वेळी तशी बातमी येईल तेव्हा दुआ मरणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी मागा. नाव कुणाचेही निघो, आपल्याला जे बोलायचे आहे ते त्याने बदलणार नाही.