तक्रार आणि प्रश्न : कतारच्या नगरकारभारावरून सुचलेले



गणेशचतुर्थीच्या सुटीत आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. गेली काही वर्षे तो कतारची राजधानी दोहा येथे एका हॉटेलात नोकरीला आहे. फराळ झाला, घरच्यांची चौकशी झाली, आणि त्याची नजर मेजावरच्या कात्रणांकडे गेली. आपल्या राष्ट्रीय सभेत स्थानिक कारभार आणि पर्यावरण या खात्यांच्या मंत्र्यांना विचारलेले प्रश्न व त्यांची उत्तरे वर्गात वाचून दाखवावीत म्हणून आम्ही ती कापून ठेवली होती. तुंबलेले नाले, न उचललेला कचरा, बाजाराची गळकी छपरे, असेच ते सारे विषय.

ती चाळून तो हसून म्हणाला, "गुरुजी, इथे नुसते बोलणे चालते. तिकडे १८४ हा क्रमांक फिरवायचा, तक्रार सांगायची, की नगरपालिकेची माणसे येऊन काम करून जातात. मंत्र्याला प्रश्न विचारायची गरजच काय?"

त्याचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. परदेशी गेलेली आपली पुष्कळ मुले आता असेच बोलू लागली आहेत. म्हणून कतारमध्ये हा कारभार कसा चालतो, ते आधी पाहू.

कतार हा अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावरचा छोटा देश. आकाराने आपल्या मॉरिशसच्या सुमारे सहापट, पण बहुतेक सारे वाळवंट. नदी नाही, तळे नाही. पिण्याचे पाणी जवळजवळ सगळे समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळवतात. अशा ठिकाणी कचरा, सांडपाणी आणि समुद्राची स्वच्छता हे जगण्यामरण्याचे विषय होतात. मेसईद येथे २०११ साली मोठे कचरा-प्रक्रिया केंद्र सुरू झाले. तेथे घरगुती कचऱ्यापासून खत आणि वीज तयार करतात. १५ नोव्हेंबर २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या प्लॅस्टिक पिशव्यांवर तेथे बंदी आली. कतारच्या उथळ किनाऱ्यालगत समुद्रगाईंचे मोठे कळप चरतात. त्यांचे गवत टिकले तरच त्या टिकणार.

हे सारे पाहणारे खाते कधी एक, कधी दोन असे होत आले आहे. २०१६ साली नगरपालिका व पर्यावरण ही खाती एका मंत्र्याकडे दिली होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती पुन्हा वेगळी झाली आणि पर्यावरणाला हवामानबदलाची जोड मिळाली.

मग या मंत्र्यांना विचारणारे कोण? तेथे दोन सभा आहेत. पहिली मध्यवर्ती नगरपरिषद. तिची पहिली निवडणूक ८ मार्च १९९९ रोजी झाली. २९ जागा होत्या, आणि स्त्रियांनाही पुरुषांबरोबर मताचा व उमेदवारीचा हक्क होता. त्या वर्षी एकही स्त्री निवडून आली नाही. २००३ साली शेखा युसुफ अल जुफैरी या पहिल्या निवडून आल्या. ही परिषद रस्ते, उद्याने, सांडपाणी, बाजार यांबद्दल मंत्र्यांकडे शिफारशी पाठवते. मात्र तिचे काम सल्ला देण्याचे. शिफारस मानायची की नाही, हे खाते ठरवते.

दुसरी शूरा परिषद. २००३ साली लोकांनी कौल दिलेल्या राज्यघटनेप्रमाणे तिच्या सभासदाला मंत्र्याकडे खुलासा मागता येतो. त्याहून कडक पायरी म्हणजे जाब विचारणे. त्यासाठी एक-तृतीयांश सभासदांची संमती लागते. जाबाचे उत्तर पटले नाही, तर दोन-तृतीयांश मतांनी मंत्र्यावर अविश्वासही दाखवता येतो. २ ऑक्टोबर २०२१ रोजी या परिषदेच्या ४५ पैकी ३० जागांसाठी प्रथमच मतदान झाले. पुढे ५ नोव्हेंबर २०२४ रोजी लोकमत घेण्यात आले, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी ती निवडणूक रद्द झाली. आता सर्व सभासद तेथील अमीर नेमतात. निवडणुकीमुळे कुळाकुळांत तेढ वाढते, असे कारण सरकारने दिले. प्रश्न विचारण्याचा हक्क कागदावर आहे तसाच राहिला; विचारणाऱ्याला पाठवणारा मात्र बदलला.

एवढे सांगून झाल्यावर आम्ही विद्यार्थ्याला विचारले, "तू १८४ वर काय सांगतोस?"

"आमच्या गल्लीतला कचऱ्याचा डबा भरला आहे, असे."

"आणि तो दर आठवड्याला का भरतो, गाड्यांचा ठेका कोणाला दिला, त्यावर किती पैसा खर्च झाला, हे कोणाला विचारतोस?"

तो गप्प राहिला.

वाचकहो, तक्रार आणि प्रश्न यांत हाच फरक आहे. तक्रार एका घराची असते. ती ऐकली की घर शांत होते. प्रश्न साऱ्या गावाचा असतो. त्याचे उत्तर सर्वांसमक्ष द्यावे लागते, ते लिहिले जाते, आणि पुढच्या वर्षी तोच मंत्री वेगळे बोलला तर जुने उत्तर काढून दाखवता येते. चांगल्या कारभाराला तक्रारीची खिडकी हवी, हे कतारकडून शिकण्यासारखे आहे. आपल्याकडे ती खिडकी पुष्कळदा बंदच सापडते. पण नुसत्या खिडकीवर भागत नाही.

आणखी एक गोष्ट. कतारची वस्ती सुमारे तीस लाख. त्यांत कतारी नागरिक थोडे. बाकीचे बाहेरून पोटासाठी आलेले, आणि त्यांत भारतीय सर्वांत जास्त. दोहाचे रस्ते झाडणारे, नाले उपसणारे, इमारती बांधणारे हेच लोक. तक्रारीचा क्रमांक त्यांनाही खुला आहे, पण नगरपरिषदेच्या मतदानात त्यांना भाग नाही. तो त्या देशाचा कायदा आहे, आणि पाहुण्याने यजमानाच्या घरात मत मागू नये असे कोणी म्हणेल. पण आपण मॉरिशसच्या मराठी माणसांनी हे ऐकताना क्षणभर थांबले पाहिजे. आपले पणजोबा-खापरपणजोबा रत्नागिरी, सातारा भागांतून या बेटावर आले, तेव्हा तेही असेच बिनमताचे होते.

त्यांच्यासाठी प्रश्न विचारणारा एक मराठी माणूस होता, तोही रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावात जन्मलेला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ रोजी भारताच्या वरिष्ठ कायदेमंडळात गिरमिट पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. त्यांच्या बाजूला २२ मते पडली, विरोधात ३३. ठराव हरला, पण त्या सभेत दिलेली माहिती नोंदली गेली, छापली गेली, आणि लोकांच्या डोक्यातून गेली नाही. १९१७ साली गिरमिटाची भरती थांबली.

इकडे बेटावर मताचा हक्क आला तो अक्षरांच्या वाटेने. १९४८ च्या निवडणुकीत साधे लिहिता-वाचता येणाऱ्यालाही मत मिळाले. म्हणून दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे रात्री बैठकेत कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवीत बसली. पुढे १९५९ साली सर्व प्रौढांना मत मिळाले. आज मंगळवारी सभेत मंत्री उभा राहून एखाद्या खेड्याच्या नाल्याबद्दल उत्तर देतो, त्यामागे त्या कंदिलांचा उजेड आहे.

हे सांगताना आम्ही आपल्या बेटाची उगाच बढाई मारीत नाही. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईसमध्ये अचानक आलेल्या पुरात ११ माणसे गेली. नाल्यांचे प्रश्न त्याआधी विचारले जात नव्हते असे नाही. जुलै २०२० मध्ये वाकाशिओ हे जहाज आपल्या प्रवाळावर चढले आणि ऑगस्टच्या सुरुवातीस त्यातून तेल सांडू लागले, तेव्हा लोकांनी उसाचे पाचट कापडात भरून समुद्रात बांध घातले. मधल्या दिवसांत काय केले, या प्रश्नाला लोक अजून समाधानकारक उत्तर मिळाले असे मानीत नाहीत. आणि नगरपालिकांची निवडणूक? २०१५ नंतर ती वारंवार पुढे ढकलली गेली आणि झाली ती २०२५ च्या मे महिन्यात. दहा वर्षे शहरातल्या माणसाने आपला नगरसेवक बदलला नाही. हक्क असूनही तो वापरायला मिळाला नाही, तर कतारला हसण्याचे आपल्याला काय कारण?

निघताना विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, मग मी तिथे काय करू?" आम्ही म्हणालो, "तिथे पाहुण्याच्या रीतीने राहा, तक्रार जरूर कर, आणि डोळे उघडे ठेव. तिथला कचरा कसा उचलतात, पाणी कसे वाचवतात, ते पाहून ये. पण इथे आलास की ग्रामपरिषदेच्या सभेला जा. तिथे तू पाहुणा नाहीस."

शाळा उघडल्यावर आम्ही वर्गाला एक काम दिले. प्रत्येकाने आपल्या गावच्या नदीबद्दल, नाल्याबद्दल किंवा कचऱ्याबद्दल मंत्र्याला विचारण्याजोगा एकच प्रश्न मराठीत लिहायचा. तक्रार नको, प्रश्न हवा. बहुतेकांनी "आमच्याकडे घाण आहे" असेच लिहिले. एका मुलीने मात्र लिहिले, "आमच्या नदीकाठी कचरा टाकू नका अशी पाटी आहे; तो टाकल्याबद्दल गेल्या वर्षी किती जणांना दंड झाला?"

आम्ही तिचा प्रश्न फळ्यावर उतरवला. पालकांनो, आज रात्री जेवताना आपल्या मुलांनाही एक प्रश्न विचारायला सांगा. आणि तो चांगला असेल, तर आपल्या भागाच्या खासदाराकडे पाठवून द्या. उत्तर काय येते, ते मुलांबरोबर बसून वाचा.