लाल रेघेची गोळी

आजची गोष्ट अझिथ्रोमायसिन या गोळीची. नाव लांबलचक आहे, म्हणून मेडिकलवर कुणी 'अझी' म्हणतं, कुणी 'तीन दिवसांचा कोर्स'. घरातल्या औषधांच्या डब्यात एखादी उरलेली असेल तर पट्टीवरची उभी लाल रेघ बघा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, अशी ती खूण. तरी घसा धरला, पडसं झालं की ही गोळी मागून आणतोच आपण. २०१९ साली आपल्या देशात खासगी बाजारात सगळ्यात जास्त खपलेली प्रतिजैविकाची गोळी हीच होती.

ही गोळी मुळात मातीतली. १९४९ साली फिलिपिन्समधून मातीचा एक नमुना अमेरिकेतल्या औषध कंपनीकडे गेला. त्यातल्या जिवाणूपासून एरिथ्रोमायसिन हे औषध मिळालं. गुणाचं होतं, पण पोटातल्या आम्लात लवकर मोडायचं. १९८० साली झाग्रेब शहरातल्या प्लिवा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूत नायट्रोजनचा एक अणू बसवला आणि अझिथ्रोमायसिन तयार झालं. आजही कारखान्यात सुरुवात तिथूनच होते. मोठ्या बंद टाक्यांत त्या जिवाणूला साखर, सोयाबीनचं पीठ असं खाद्य देऊन वाढवतात. आपण इडलीचं पीठ आंबवतो तसंच समजा, फक्त दुसरा जंतू आत शिरू नये म्हणून काळजी फार. मग एरिथ्रोमायसिन वेगळं काढून त्याच्यावर रासायनिक प्रक्रिया करतात.

तीनच दिवस का, असं बऱ्याच जणी विचारतात. हे औषध शरीराच्या पेशींत साठून राहतं आणि शेवटची गोळी घेतल्यावरही काही दिवस काम करत राहतं. म्हणून गोळ्या थोड्या. पण दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून तिसरी डब्यात ठेवून द्यायची नाही.

काम कुठे करते? जिवाणूंमुळे होणारा न्यूमोनिया, घशाचे काही आजार, टायफॉइड, यांत डॉक्टर ती देतात. पावसाळ्यात निंदणाला जाणाऱ्या बायांनी स्क्रब टायफस लक्षात ठेवावा. गवतातल्या बारीक किड्याच्या चावण्यातून हा ताप येतो. कधी अंगावर विडीच्या चटक्यासारखा काळा डाग दिसतो, कधी दिसत नाही. २०१८ साली नागपूरकडे याचे बरेच रुग्ण निघाले होते. यावर डॉक्सिसायक्लिन चालतं. बाई गरोदर असेल तर डॉक्टर अझिथ्रोमायसिन निवडतात.

आणि बाळंतपणाचं तर ऐकाच. सात देशांत एक मोठा अभ्यास झाला, त्यात आपल्या देशातलं एक केंद्र नागपूरचं होतं. २९ हजारांहून जास्त बाया त्यात होत्या. कळा सुरू झाल्यावर निम्म्या बायांना दवाखान्यातच या औषधाचा एक मोठा डोस दिला. रक्तात जंतुसंसर्ग किंवा मृत्यू, असं ज्यांच्या बाबतीत घडलं त्यांचं प्रमाण औषध न मिळालेल्यांत शंभरात २.४ होतं, औषध मिळालेल्यांत १.६. फरक पडला तो मुख्यतः जंतुसंसर्गात. बाळांना मात्र वेगळा फायदा दिसला नाही. हे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. डोस किती, कुणाला, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. घरी हा प्रयोग अजिबात नको.

आता गुलाबी बोंडअळी आठवा. बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळी मरायची. पुढे त्याच विषाला अळी सरावली आणि २०१७ साली विदर्भात किती बोंडं सडली ते आपण पाहिलं. जंतूंचंही तसंच होतं. साधं पडसं विषाणूमुळे होतं, त्यावर ही गोळी काही करत नाही. कोरोनात घरोघरी ती खाल्ली गेली, पण २०२१ साली ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांत तिचा उपयोग दिसला नाही. अशा प्रत्येक वेळी अंगातले इतर जंतू मात्र तिला सरावत जातात. मग न्यूमोनियाच्या किंवा बाळंतपणाच्या वेळी गोळी लागू पडली नाही तर काय करणार?

त्रास कोणते? मळमळ, पोटदुखी, पातळ जुलाब हे नेहमीचे. क्वचित हृदयाचे ठोके बिघडतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली तसा इशारा दिला. म्हणून हृदयाचा आजार असेल, दुसऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी सांगा. छातीत धडधड, चक्कर, अंगावर गांधी, तोंडाला सूज, डोळे पिवळे, असं काही दिसलं तर थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. ॲसिडिटीचं पातळ औषध घेत असाल तर दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा.

लेकरांच्या बाटलीत कोरडी पूड असेल तर उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंतच घाला, दर वेळी बाटली हलवा, आणि घरातला चमचा न वापरता सोबतच्या मापानेच द्या. मोठ्या भावाचं उरलेलं धाकट्याला देऊ नका. डोस वजनावर ठरतो, आणि कालवलेलं औषध लेबलवर लिहिलेल्या दिवसांपुरतंच टिकतं.